परतीचा कौल राहून गेला

मला घाटाची भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुठे माझा आवाज कापला तर तुम्ही म्हणू नका, की ही बाई उगाच रंगवून सांगते. आंबा घाटात लोक हवा खायला जातात, दरीकडे पाठ करून फोटो काढतात. जाऊ देत. मी गेले ती पिकपच्या मागच्या एक्सलचं गिअर आणि टायर आणायला, तेही ८५ सालच्या पौषात, आणि सगळा वेळ जीव मुठीत धरून. ज्यांनी घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे. ज्यांनी पाहिला आहे त्यांना माझं हसू येईल, तर खुशाल हसावं.

घरून निघताना

मालगुंडच्या आतल्या अंगाला, सड्याखालच्या, म्हणजे कातळाच्या पठाराखालच्या, खोलगटात आमची वाडी आहे. एसटी वर सड्यावरच थांबते. तिथून खाली वाडीत यायला एकच लाल मातीचा रस्ता, आणि त्याला मधे एक उभा चढ. आमचे हे बोटीवर असतात, वर्षाचे दहा महिने समुद्रात. त्यांनी एक जुनी पिकप घेऊन दिली. ती माझे धाकटे दीर, सदाभावजी, चालवतात. आंब्याच्या दिवसांत पेट्या, एरवी नारळ नाहीतर चिरे, आणि अडीनडीला वाडीतलं आजारी माणूस. बोटीवर जाताना हे म्हणाले होते, "गाडी सदाच्या हातात, पण गाडीचं काय करायचं ते तू ठरव." सदाभावजींसमोर म्हणाले म्हणून बरं, नाहीतर माझं कोण ऐकतं!

मार्गशीर्षात माझी लेक नंदा पहिल्या बाळंतपणाला घरी आली. तिला तपासायला रत्नागिरीला नेत होतो. ती पुढे भावजींच्या शेजारी, मी मागे हौद्यात. चढाच्या अर्ध्यावर गाडीच्या पोटात काड्कन आवाज झाला. इंजीन नुसतं ओरडत होतं आणि चाकं फिरेनात. मग फिरली, पण उलटी. भावजींनी ब्रेक दाबून धरला होता, मी मागून बघत होते ना, चाकं थांबलेली होती, तरी गाडी बारीक खडीवरून घसरत मागे चालली होती. टायरांना नक्षी म्हणून काही उरलीच नव्हती. एका बाजूला खोल पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा. दुसऱ्या बाजूला बागेचा गडगा. गाडी गडग्यावर टेकली. दगडांची ती कोरडी रचलेली भिंत जरा ढासळली, पण तिने आम्हाला धरलं. नंदा उतरली आणि पोटावर दोन्ही हात ठेवून रस्त्यात उभी राहिली. रडलीसुद्धा नाही. मला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सडा पायी चढून आम्ही एसटीने गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. "मूल पायाळू आहे," त्या म्हणाल्या. "अजून फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर घरी बाळंत करायचं धाडस करू नका. कळा सुरू झाल्या की सरळ घेऊन यायचं." दिवस माघात भरणार होते. रत्नागिरीत आमचं कोणी नाही, आणि कळा नसताना दवाखान्यात खाट कोण देतो? म्हणजे सगळं येऊन त्या एका चढावर थांबलं.

मिरजोळ्याच्या गॅरेजवाल्याने गाडी ओढून नेली, कुठल्याशा मोडक्या गाडीचं गिअर तात्पुरतं बसवलं आणि हात पुसत सांगितलं, "क्राऊन-पिनियनचे दात गेलेत. ही जोडी रिकाम्या गाडीपुरती चालेल, पण चढावर भरवसा ठेवू नका. चांगली जोडी कोल्हापूरला जुन्या बाजारात मिळेल, तिथेच बसवून घ्या. आणि मागचे टायर बदला. हे टायर नव्हेत वहिनी, हे टक्कल आहे."

भावजी एकटेच जायला निघाले होते. मी म्हटलं, मी येणार. त्यांचं तोंड उतरलं, त्यावरून मला कळलं की मी जायलाच हवं.

पौषात नवं काही करत नाहीत, म्हणून देवाला कौल लावला. घाटावरच्या वाचकांना हे सांगायला हवं. आमच्याकडे अडलेल्या माणसाने ग्रामदेवतेला विचारायचं असतं. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना भिजवलेल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नाही. गुरवकाकांनी डोळे मिटून घातलं गाऱ्हाणं, "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरा गाडीचा सामान आणूक घाटावर जातायत. जाण्यात भला असेल तर उजवा दे." बोलणं पुरं व्हायच्या आत उजवी कळी टपकन पडली. गुरवकाका म्हणाले, "जा बाय, देवाने हसत दिलान." मी नारळ ठेवला आणि त्या दिवशी जरा पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या धुक्यात निघालो. हातखंब्याला वळलो आणि मला एकदम आठवलं.

"भावजी, गाडी थांबवा."

"काय झाला? काय विसरलात?"

"कौल जाण्याचा घेतला. येण्याचा कुठे घेतलाय?"

भावजी इतके हसले, की गाडी खरंच थांबवावी लागली. "वहिनी, जायला हो म्हटलान म्हणजे यायला पण होच ना? देव काय थितंच ऱ्हावा म्हणून सांगेल?"

"देव विचारलं तेवढंच सांगतो," मी म्हटलं. त्यांनी कॅसेट लावली आणि गाडी हाकली. मला मात्र साखरपा येईपर्यंत ती डावी कळी दिसत होती. पडली नव्हती, पण कुणी तिला विचारलंच नव्हतं.

चढताना

घाट लागायच्या आधी मी पायाशी एक चिऱ्याचा तुकडा ठेवला होता. घरून नेला होता, पोत्यात गुंडाळून. गाडी मागे सरली तर उडी मारायची आणि चाकाखाली घालायचा, असा माझा बेत. भावजी म्हणाले, "कोल्हापुरात दगड मिळत नाय वाटता." दाराच्या कडीवर हात आणि पाय त्या दगडावर, अशी मी आंबा घाट चढले.

घाट सुंदर आहे म्हणतात. असेल. मला दिसलं ते एवढंच, की आमच्याकडे डोंगर संपला की समुद्र येतो आणि इथे डोंगर संपला की काहीच येत नाही. कठड्यापलीकडे नुसतं पांढरं धुकं. खालून पाणी पडल्याचा आवाज यावा, पक्षी ओरडावा, काही नाही. मागच्या एक्सलमधून मात्र एकसारखं कण्हणं येत होतं. वळण आलं की ते वाढायचं. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता काड्कन होणार. दवाने रस्ता ओला होता. मधे एकदा चाक जागच्या जागी फिरलं, टायर ओरडला, आणि मी चिरा उचलून मांडीवर घेतला.

वर एका टपरीशी थांबलो तेव्हा मी उतरलेच नाही. टपरीवाल्या बाईने चहा आणून हातात दिला, माझ्या मांडीवरचा दगड पाहिला आणि विचारलं, "देवाचा हाय व्हय?"

म्हटलं, "तसंच समजा."

कोल्हापूर

आमच्या वाडीतली शेवंती कोल्हापुरात दिली आहे. तिच्याकडे उतरलो. पंधरा वर्षांत बोली पार बदलली आहे तिची. दारातच म्हणाली, "या की वैनी, किती वाळलायसा!" आणि मग एकदम गळ्यात पडून आमच्या भाषेत, "गो वैनी, खाडीवरचा वारा घेऊन आलंस गो," म्हणून रडली.

थंडी म्हणजे काय ते मला तिथे कळलं. आमच्याकडे पौषात गोधडी लागते, पण तिथे गोधडीतसुद्धा दात वाजतात. सकाळी केसांना लावायला घरून आणलेली खोबरेलाची बाटली उपडी केली, तर थेंब पडेना. सगळं तेल गोठून पांढरं झालेलं. उभ्या जन्मात इतकं घट्ट तेल मी पाहिलं नव्हतं. चुलीशी ठेवलं तेव्हा सुटलं. जेवण मात्र राजाचं. तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा, वाटी रिकामी झाली की विचारल्याशिवाय भरतात. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात, तिथे पाहुण्याशी भांडतात. तिखटाने डोळ्यांतून पाणी आलं तर शेवंतीचे यजमान खूश झाले. संध्याकाळी त्यांनी आम्हाला चौकात नेलं. तिथे म्हशी उभ्या, आणि समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. भावजींनी दोन पेले रिचवले. मी एक घोट घेतला, कोमट होता, आणि मला नंदाची आठवण आली. तिच्यापाशी माझ्या जावेला ठेवून आले होते. उरलेला पेला भावजींना देऊन टाकला.

जुन्या बाजारात आप्पांचं दुकान. दुकान कसलं, मोडक्या गाड्यांचा डोंगर, आणि त्याच्या पायथ्याशी गॅरेज. आप्पा लठ्ठ, डोक्याला मफलर, तोंडात तंबाखू. त्यांनी आमची गाडी वर उचलली, मागच्या एक्सलचा गोळा उघडला, बोटाने तेल काढून उजेडात धरलं. तेलात लोखंडाचा चुरा चमकत होता.

"ताई, आनि चार वळणं आसती तर संपलं हुतं," ते म्हणाले.

भावजी दुसरीकडे बघायला लागले.

मग आप्पांनी दोन जोड्या आणून मांडल्या. मोठं दातेरी चाक म्हणजे क्राऊन, आणि त्याला फिरवणारं छोटं दातेरी म्हणजे पिनियन. दोन्ही एकमेकांबरोबर झिजलेली असतात, म्हणून जोडीनेच घ्यायची. "ह्यो पळायचा जोड," एकावर हात ठेवून ते म्हणाले. "सपाटीला गाडी वाऱ्यागत जाती. आन ह्यो ओढायचा. ह्येचं पिनियन बारकं. भिताड चढंल, पर पळणार न्हाय. मागनं सायकलवाला घंटी मारंल."

भावजींचा हात पहिल्या जोडीवर गेलासुद्धा. त्यांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक होतं. आंब्याच्या पेट्या स्वतःच्या गाडीने मुंबईला न्यायच्या, पहिल्या बाजाराला पोचवायच्या. दोन वर्षं तेच बोलतात.

"भावजी, चढ आहे," मी म्हटलं.

"चढ केवढा? अर्धा मैल. वहिनी, मी पेट्यांसाठी बोलत नाय. नंदासाठीच बोलतो." आणि मग ते मुद्द्याचं बोलले. "कळा सुरू झाल्यावर चढ चढलो समजा. फुडं रत्नागिरीपर्यंतचा सगळा रस्ता हाय. थितं गाडी रांगायला लागली तर? पोर मागे कळा देतंय आणि आमी बैलगाडीसारखे चाललो. तवा मला बोलू नका."

खरं होतं. त्यांचंही खरं होतं. आप्पांना म्हटलं, उद्या सांगते. रात्रभर मी शेवंतीच्या घरात कूस बदलत राहिले. डोळे मिटले की एकदा गडगा ढासळताना दिसायचा आणि एकदा नंदा रस्त्यातच ओरडताना ऐकू यायची. चुकीचं गिअर घेतलं तर लेक माझ्या हाताने जाणार, असं वाटत होतं. देवाला विचारावं तर देव घाटाखाली. ह्यांना विचारावं तर हे कुठल्या समुद्रात आहेत देव जाणे.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी आप्पांच्या दारात उभी. म्हटलं, "आप्पा, दुकानदार म्हणून नका सांगू. तुमची लेक असती तर कुठला जोड घातला असतात?"

त्यांनी तंबाखू थुंकली. सगळी हकीकत ऐकली. "ताई, गाडी आदी चढावी लागंल का न्हाय?" ते म्हणाले. "चढलीच न्हाय, तर फुडचा रस्ता कसा का आसंना, तुमाला काय त्येचं?"

एवढं साधं. पण मला कुणीतरी माझ्या बाहेरून ते सांगायला हवं होतं. ओढायचा जोड घेतला.

टायरांवरून दुसरं भांडण. भावजींना रबर चढवलेले जुने टायर हवे होते. वरून नवे दिसतात, काळेभोर. मासळी घेताना मी कल्ले उघडून बघते, तसं मी टायरच्या कडा ताणून बघितल्या. एके ठिकाणी वरचं रबर सुटत आलं होतं, नख आत गेलं. "घाटात तापलं की ह्यो पापुद्रा उडतोय," आप्पा म्हणाले. मग मागे दोन नवे टायर घेतले, जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे, मातीत रुतून धरणारे. आप्पा म्हणाले, सपाट रस्त्यावर ह्यांचा आवाज येईल. म्हटलं, येऊ दे. आवाजाने कोणी मेलेलं नाही.

गाडी खाली उतरवल्यावर आप्पांनी भावजींना समोर उभं केलं. "तीन गोष्टी ध्येनात ठिवा. नवा जोड हाय, पैल्या परवासात वझं घालू नगासा. थंडीत आतलं तेल घट्ट आसतंय, सकाळी जरा हळू चालवून गरम हुंदे. आन घाट उतरताना गाडी गिअरमदीच पायजे. ज्या गिअरनं चढला, त्याच गिअरनं उतरायचं."

"माहीत हाय," भावजी म्हणाले. त्यांचं "माहीत हाय" मला पक्कं माहीत आहे.

उतरताना

निघायच्या सकाळी मी शेवंतीच्या घरातून पिशव्या घेऊन बाहेर आले, तर हौद्यावर ताडपत्री बांधलेली. उचलून बघितलं. गूळ! गुळाच्या ढेपा, एकीला एक खेटून, पार वरपर्यंत.

"भावजी, आप्पा काय म्हणाले होते?"

"घाटावरून रिकामी गाडी कोण नेता? बोलतील लोक, गेला आणि नुसता लोखंड घेऊन आला. शेवंतीच्या यजमानांनी भरून दिलान, आता काढला तर त्यांना काय वाटेल?"

शेवंतीचे यजमान हात जोडून हसत उभे. त्यांच्यासमोर दिराचा पाणउतारा करता येईना. हीच आमची खोड. घरचं माणूस मेलं तरी चालेल, पण पाहुण्यासमोर बोलायचं नाही. मी चिरा पायाशी ठेवला आणि बसले.

मलकापूर मागे गेलं. गाडी खरंच चालत नव्हती, रांगत होती. एसटी गेली, ट्रक गेले, भावजींचं तोंड आंबट होत गेलं. आंबा गाव ओलांडलं आणि उतार लागला तसे ते सैलावले. गाडीने वेग घेतला. वारा आत आला. आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. काय, ते कळेना. मग कळलं. आवाज नव्हता. कोल्हापुरापासून कानाशी घुमणारं इंजीन एकदम गप्प झालं होतं.

"गाडी बंद पडली?"

"न्यूट्रल हाय. उतारावर तेल कशाला जाळायचा?"

आमच्याकडे सगळे ड्रायव्हर हेच करतात. सड्यावरून खाली येताना गाडी सोडून देतात, पेट्रोल वाचतं म्हणून. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण सडा म्हणजे घाट नव्हे, आणि मागे गूळ होता. वळण आलं, भावजींनी ब्रेक दाबला. पुढचं आलं, परत दाबला. मग जळका वास यायला लागला, रबर आणि लोकर एकत्र पेटल्यासारखा. धुकं अजून उठलेलं नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या वळणाशी त्यांनी पाय दाबला तो खोल गेला, आणि गाडीने ऐकलं नाही.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते चहासारखं तांबूस तोंड राखेच्या रंगाचं झालं होतं. "वहिनी," एवढंच म्हणाले.

खालून ट्रकचा हॉर्न आला. धुक्यात दोन पिवळे दिवे. डावीकडे डोंगर, उजवीकडे काही नाही. माझ्या डोक्यात घाट नव्हता, दरी नव्हती. एकच गोष्ट होती. ही गाडी खाली गेली तर नंदाला चढ चढवणारं कोणी नाही. मी ओरडले, "गिअर घाला!"

त्यांनी दांडा ओढला. दातांवर दात घासल्याचा भयंकर आवाज झाला आणि दांडा परत उसळला. दुसऱ्यांदा तेच. मग त्यांनी इंजीन रेस केलं, डोळे मिटून दांडा ढकलला, आणि मी माझे दोन्ही हात त्यांच्या हातावर ठेवून जोर लावला. खट् झालं. गाडीने एक गचका घेतला, माझं कपाळ काचेवर आपटलं, मागच्या ढेपा पुढे येऊन धडकल्या. आणि इंजीन ओरडायला लागलं. इतक्या मोठ्याने, की मला वाटलं फुटलं. पण गाडी कुणीतरी मागून शेपटी धरावी तशी आखडली. हळू झाली. आणखी हळू. ट्रक आमच्या अंगाला वारा घालत वर निघून गेला. भावजींनी गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात टेकवली. मी उतरले आणि चिरा चाकाखाली घातला. घरापासून आणलेला तो दगड अखेर कामाला आला.

चाकांतून धूर येत होता. भावजी रस्त्याकडेला बसले आणि ढसाढसा रडायला लागले. दाढी आलेला, दोन मुलांचा बाप. "पळायचा जोड असता तर नाय थांबली असती," ते म्हणाले. "नाय थांबली असती, वहिनी." मी त्यांना पोटभर शिव्या देणार होते. तोंड उघडलं आणि माझ्याच तोंडून हुंदका आला. पाचावर धारण बसली की माणूस रागावत नाही, हे मला तेव्हा कळलं. कपाळाला टेंगूळ, हातात गुळाची फुटलेली ढेप, अशी मी त्यांच्या शेजारी बसले. दोघांनी गूळ खाल्ला. चव कळली नाही.

चाकं निवायला ऊन वर यावं लागलं. निघताना भावजी म्हणाले, "आता न्यूट्रल करणार नाय. नंदाची शपथ..."

"तिची शपथ घालायची नाही!" मी इतक्या जोरात ओरडले, की ते दचकले. "शपथ नको. माझा हात इथे राहील." मी गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. साखरप्यापर्यंत तो उचलला नाही.

घरी

गुरवकाका गूळ घ्यायला आले. कपाळाचं टेंगूळ बघून म्हणाले, "बाय, आता नंदाच्या बाळंतपणाचा कौल लावूया. रत्नागिरीला न्यायची की हितंच, देव सांगेल."

मी म्हटलं, "नको काका. उजवा दिलान तरी नेणार आणि डावा दिलान तरी नेणार. मग त्याला कशाला अडचणीत टाकायचं?"

काका गडबडले. मग हसले. "मग नुसता नारळ ठेव," म्हणाले. ठेवला.

माघात एका सकाळी नंदाला कळा सुरू झाल्या. मूल फिरलं नव्हतं. हौद्यात गवत, गवतावर गाद्या, त्यावर ती, आणि तिचं डोकं माझ्या मांडीवर. भावजींनी आधी गाडी वाडीच्या सपाटीवर हळूहळू मागेपुढे फिरवली. नंदा कळवळून म्हणाली, "काका, चला ना!" मीच म्हटलं, "थांब बाळ, आतलं तेल सुटू दे."

भावजींनी मागच्या जाळीतून विचारलं, "वहिनी, दांड्यावर हात नाय ठेवणार?"

"माझे हात इथे लागतील," मी म्हटलं. "तुमचं तुम्ही बघा."

चढ आला. मी गडग्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि त्याच्याकडेच बघत होते. ढासळलेले दगड अजून तसेच पडलेले. मागच्या टायरांनी खडी धरली, सोडली नाही. गाडी न कण्हता, न थांबता, एकाच आवाजात वर चढत गेली. नंदाची नखं माझ्या मनगटात रुतली होती. सडा लागला तेव्हा मला कळलं की मी श्वास घेतलेला नाही.

पुढे ती रांगलीच. भावजी म्हणाले होते तसंच. निवळीशी एक सायकलवाला खरंच घंटी मारून पुढे गेला. मी देवाचं नाव घेत होते आणि रस्त्यातला प्रत्येक माडही आज मागे सरकत नाही असं वाटत होतं. पण पोचलो. दुपारी नंदाला मुलगी झाली, पायांकडून. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "उशीर केला असतात तर सांगता येत नव्हतं." मी भिंतीला टेकून खाली बसले. भावजी बाहेर गाडीपाशी होते. त्यांना सांगायला गेले तर ते मागच्या टायरातले खडे बोटाने काढत होते.

बाराव्या दिवसाच्या आत घरी आणलं. नंदा हौद्यात गादीवर, जाऊबाई तिच्यापाशी. मी पुढे बसले, नात घेऊन. सड्याच्या टोकाशी, उतार लागायच्या जागी, भावजींनी गाडी उभी केली. खाली आमची वाडी, माड, पलीकडे खाडी. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की मी अजूनही भ्याले आहे. माझ्या दोन्ही हातांत नात होती. दांड्यावर ठेवायला हात नव्हता.

भावजींनी दांड्यावर हात ठेवला. त्यांनी गिअर घातलं. उतार सुरू झाला आणि मी कान लावून बसले, आता आवाज थांबेल, आता थांबेल म्हणून. गडगा मागे गेला, पऱ्या मागे गेला. नात त्या घुमणाऱ्या आवाजात गाढ झोपली होती. अंगणात पोचेपर्यंत तो एकदाही थांबला नाही.